हरवल्या किटलीचा ओढा

"हे गाणं तुमच्या आईनं केलेलं नाही, व्हर्डीमावशी," लोरिंग म्हणाला, आणि वाळवणासाठी दोऱ्यात शेंगा ओवणाऱ्या व्हर्डीचा हात थांबला.

लोरिंग शहरातल्या कॉलेजातला. तबकडीवर आवाज उतरवणारं यंत्र गाडीत घालून तो केंटकीच्या डोंगरात जुनी गाणी शोधत हिंडत होता. व्हर्डी चाळीस वर्षं खोऱ्यातल्या मयतांना आंघोळ घालत आली होती आणि उशाशी बसून ते गाणं म्हणत आली होती. मृत्यू दाराशी येतो, प्यायला पाणी मागतो, असं ते गाणं. शेवटच्या कडव्यात मेलेल्याचं नाव आणि तो ज्या ओढ्याकाठचा, त्या ओढ्याचं नाव घालायची रीत.

तिचा धाकटा भाऊ आर्वेल १९०८ साली कोळशाच्या खाणीवर जातो म्हणून गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. आईनं मरेपर्यंत त्याचं नाव कडव्यात घालू दिलं नाही. व्हर्डीचीही जीभ कधी रेटली नाही.

"मग कुणी केलंय?"

"तेच शोधतोय. सात खोऱ्यांत मिळालं. जो तो म्हणतो, आमच्याच आजीचं."

"लबाड मेले!" व्हर्डी हसली. पण तिला काही राहवेना. "त्यांच्यात नावं कुणाची घालतात हो?"

लोरिंगनं वही उघडली. प्रत्येक नावाला व्हर्डी विचारी, कुणाचा, कशानं गेला, मागं कोण आहे.

"मावशी, मला गाण्याचा इतिहास हवाय."

"मग हा काय आहे? वाचा पुढं."

"आर्वेल, हरवल्या किटलीच्या ओढ्याचा."

असल्या नावाचा ओढा जगात एकच असणार, आणि तो तिच्या परसातून वाहत होता.

"कुणी म्हटलं हे?" तिनं विचारलं.

"व्हर्जिनियातल्या खाणवस्तीत एक धोबीण आहे. तो तिच्याकडे जेवायला असायचा. गाणंही त्यानंच शिकवलं म्हणाली. खाणीचं छत कोसळलं, त्याला वीस वर्षं झाली."

वीस वर्षं आपण मेलेल्याची वाट पाहिली, हे व्हर्डीच्या काळजात रुतलं. तरी तिला आणखी एक जाणून घ्यायचंच होतं.

"आमच्यात परक्याला भरभर म्हणतात, बाबा, घरच्याला सावकाश. तिनं कसं म्हटलं?"

लोरिंगनं वही मिटली. "इतकं सावकाश, की माझी तबकडी संपली आणि तिचं चालूच होतं."

व्हर्डीनं मान हलवली. मांडीवरच्या शेंगा टोपलीत ठेवल्या, कमरेला बांधलेला एप्रन सोडला आणि ती ताठ बसली.

"लावा तुमचं यंत्र," ती म्हणाली. "आणि दोन तबकड्या काढून ठेवा."