भिंतीकडे तोंड केलेला काटा

मित्रांनो, माझ्यापुढे भलेभले श्वास रोखून उभे राहतात. मी कुणी राजा नाही. मी दवाखान्यातला एक जुना वजनकाटा आहे.

लोखंडाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. खाली रुंद पाट, वर उंच खांब आणि त्यावर गोल तबकडी. "केसाइतकाही फरक पडत नाही याच्यात!" म्हणत कारागिराने माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मी जरा शेफारलोच. आकडे मला जन्मापासून येत. अक्षरं मात्र म्हातारपणी शिकलो. कशी, ते पुढे सांगतो.

आमच्या डॉक्टरबाई पोटाच्या आणि खाण्याच्या विकारांवर संशोधन करत. त्यांच्या खोलीत दोन कपाटं होती. एकात पोटदुखीवरचे छापील लेख, दुसऱ्यात जेवणाची धास्ती घेतलेल्यांवरचे. बाई म्हणायच्या, "कपाटं दोन, पण माणूस एकच येतो ना!"

एके सकाळी एक मुलगी आत्याचा हात धरून आली. शाळेच्या बँडमध्ये ती मोठा ड्रम वाजवायची. आता तो उचलला की तिला चक्कर यायची, म्हणून तो दुसऱ्या मुलीच्या गळ्यात गेला होता. तिला तो परत हवा होता.

"काही झालेलं नाही हिला," आत्या म्हणाली. "नुसते नखरे. खात नाही, म्हणून पोट दुखतं."

"दुखतं म्हणून खात नाही!" मुलगी फणकारली.

"दोघींचंही खरं आहे," बाई हसल्या. "दुखतं म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून पोट आणखी कुरकुरतं, आणि मग खायचीच भीती. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल चाललंय. आपण बैल सोडवायचा."

औषध सुरू झालं. थोडं थोडं पण वेळेवर खाणं, शेजारच्या खोलीत बसून मनातलं बोलणं, हेही सुरू झालं. पण दर खेपेला माझ्याशी गाठ पडे आणि तिथेच माशी शिंके. काटा वर गेला की मुलगी घाबरायची, खाली आला की आत्या रडायची. तपासणीनंतर खायला आणलेले दोघींचे डबे भरलेलेच घरी जायचे. मी बिनचूक बोलत होतो, आणि माझ्या प्रत्येक बोलण्याने एक जेवण बुडत होतं.

बाईंनी हे पाहिलं. एक दिवस त्यांनी माझी तबकडी गर्रकन फिरवली आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. माझं! वर्गातल्या खोडकर पोरासारखं! मी फार रुसलो. आता आकडा बघायला बाईंनाच भिंतीलगतच्या फटीत पालीसारखं शिरावं लागे. चष्मा हटकून पडे आणि मुलगी खुदकन हसे.

"किती भरलं?" आत्या विचारी.

"ते माझ्यापाशी राहू दे," फटीतून आवाज येई. "तुम्ही सांगा, आज जिना चढताना हिला दम लागला का?"

हळूहळू डबे रिकामे होऊ लागले. कधी अर्धाच, एकदा तर झाकणही उघडलं नाही; पण आता कुणी रडत नव्हतं.

मग एका दुपारी जिन्यात धडामधूम ऐकू आलं. मुलगी गळ्यात ड्रम घेऊन वर आली आणि तशीच माझ्यावर चढली. माझा काटा टुणकन उडाला.

"अगं बाई! हे काय?" आकडा बघायला फटीत शिरलेल्या बाई ओरडल्या.

"किती? किती भरलं?" आत्याला राहवेना.

"मला नको विचारू, आत्या. ड्रमला विचार!" मुलगी म्हणाली आणि तिने असा ठोका दिला की बाईंचा चष्मा पुन्हा पडला.

पुढे बाईंचं पुस्तक छापून आलं, दोन्ही कपाटं मिळून एक. त्यातलं एक पान त्यांनी माझ्यासमोर भिंतीवर चिकटवलं. मुलगी तपासणीला आली की फटीत शिरून, माझ्या काट्याकडे न बघता, एकेका शब्दावर बोट ठेवून ते मोठ्याने वाची. तिच्या बोटामागून मीही अक्षरं लावायला शिकलो. 'काट्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं.' माझ्याबद्दल एवढंच होतं. पण छापून आलो की नाही!

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आमच्याकडे लक्ष द्या. माझं मागणं उलटं आहे. मला पुसा, तेलपाणी करा, पण उठल्यासुटल्या माझ्यावर चढू नका. मला फक्त वजन कळतं. दुखणं पोटात आहे की मनात, ते घरच्या माणसाला सांगा. आणि कुणी ताटावरून गप्प उठून गेलं, तर 'नखरे' म्हणण्याआधी जवळ बसून विचारा.

माझी काळजी करू नका. भिंतीकडे तोंड करून मी मजेत आहे. वाचायला पान आहे, आणि ड्रम इथपर्यंत ऐकू येतो.