चुंबकाच्या कडेनं

शिवणवर्गाच्या मास्तरांनी आजवर शेकडो हात मशीनवर बसवले होते. पण नव्या बाईंच्या हातातली पांढरी काठी पाहून त्यांचा धीर सुटला. बाई पन्नाशीच्या, दृष्टी जाऊन तीन वर्षं झालेली.

"बाई, सुईशी गाठ आहे. बोट सापडलं तर?"

"बोट माझं आहे, मास्तर. मी शिकायला आलेय, सल्ला घ्यायला नाही."

मास्तर घरी जाऊन डोळ्यांवर टॉवेल बांधून स्वतःच मशीनवर बसले. पहिलीच शिवण नागमोडी गेली. बायको हसून बेजार.

"अहो, सगळी कारागिरी टॉवेलात गेली की!"

"हसू नको. कुठं चुकतंय ते सांग."

तिनं निरखून पाहिलं. "कापडाच्या कडेला टेकायला काही नाही हो. भिंत हवी तिला."

मास्तरांनी सुईशेजारी मशीनच्या पत्र्यावर लांबट चुंबक चिकटवलं. कापड त्याला टेकवून चालवलं, तशी शिवण सरळ आली. पाठोपाठ त्यांनी बाजार पालथा घालून वरून दोरा दाबला की तो आपोआप नेढ्यात बसेल अशी सुई मिळवली.

बाईंनी उशीचा अभ्रा शिवायला घेतला आणि चारही बाजू बंद करून टाकल्या.

"उशी कुठून घालायची?" कुणीतरी विचारलं. वर्ग खदखदला. बाईही हसल्या आणि लगेच उसवायला बसल्या. तासभर बोटांनी टाके चाचपत होत्या. मास्तरांचा हात दोनदा पुढं गेला. शेवटी त्यांनी हात पाठीमागे बांधले. पुढच्या खेपेला कापडाचं उलटसुलट चुकलं. मग बाईंनी स्वतःच सुलट बाजूला पिन टोचायची सवय लावून घेतली. तिसरा अभ्रा साधला.

सहा महिन्यांनी परीक्षा आली. परीक्षक हळूच म्हणाले, "यांना रुमाल देऊया. उगाच त्रास नको."

"सगळ्यांना सदरा, तर यांनाही सदरा," मास्तर ठामपणे म्हणाले. "मापं तेवढी वाचून दाखवा, आणि वेळ जास्त द्या."

बाईंची एक बाही उलटी लागली. हात फिरवताच त्यांच्या लक्षात आलं. "थांबा हं," म्हणत त्यांनी ती उसवून पुन्हा लावली. बाकीचे केव्हाच निघून गेले होते. परीक्षकांनी खांद्याची शिवण जोरात ओढून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी मुकाट्यानं 'उत्तीर्ण' लिहून सही केली.

मास्तरांनी निकाल सांगितला. बाईंनी काठी उचलली.

"बरं झालं. आता पँट कधी शिकवताय?"