कपाटामागची भिंत

मुलांनो, एक केस डोळ्यांसमोर आणा. स्वतःच्या डोक्यावरचा, शेजाऱ्याचा उपटू नका. आता तो मनातल्या मनात उभा चिरा. पुन्हा चिरा. दिसेनासा होईपर्यंत चिरत राहा. इतका बारीक, पण दगडाचा, असा एक धागा असतो. त्याला म्हणतात ॲस्बेस्टॉस. पूर्वी तो सिमेंटमध्ये मिसळून पत्रे बनवत. भिंतीत असतो तोवर गुण्यागोविंदाने नांदतो. भिंत फोडली की मात्र हवेत उडतो, श्वासाबरोबर छातीत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून जुनी भिंत पाडण्याआधी तिचा तुकडा तपासून घ्यायचा असतो.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एक पिवळी भिंत. घरात बाबा, आई आणि त्यांची मुलगी. मुलगी एका जागी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

बाबा घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्याने इवलीशी चाकं उचलायची, त्यांवरची धूळ हलकेच फुंकर मारून उडवायची. जन्मभर इतकं नाजूक काम केलेल्या माणसाला एकदा तरी काहीतरी दणादण फोडायचं होतं. ही भिंत पाडून दोन्ही खोल्या एक करायचं ठरलं, तेव्हा "मजूर कशाला? मी मेलोय का?" म्हणत ते भला मोठा घण घेऊन आले. दुकानातून परतले की तो उचलून बघत आणि कंबर धरून खाली ठेवत.

पण तपासणी झाल्याशिवाय नगरपालिकेकडून भिंत पाडायची परवानगी मिळणार नव्हती.

"तपासलं की निघतंच," बाबा कुरकुरले. "ज्यांनी तपासलं नाही, त्यांच्याकडे कधी निघालंय का?"

आईची काळजी निराळीच होती. "तपासायला परकी बाई येऊन भिंत निरखणार, आणि त्या कोपऱ्यातलं भगदाड तिला दिसणार! काय म्हणेल ती आपल्या घराला?"

भिंतीचा बराचसा भाग पाणी मुरून खराब झाला होता आणि बाबांनी मागेच तिथे नवा, त्या धाग्याविना बनवलेला पत्रा बसवला होता. जुना पत्रा उरला होता तो फक्त कोपऱ्यात. त्याला कधीतरी खाटेचा पाय लागून भोक पडलं होतं आणि कडेने पांढरे तंतू लोंबत होते. वरून सगळ्याला एकच पिवळा रंग. कुठे जुनं संपतं नि कुठे नवं सुरू होतं, हे कुणाला ओळखू येत नाही याचा आईला फार अभिमान होता.

तपासनीस बाई यायच्या आदल्या दिवशी आईबाबांनी मिळून कपाट ढकललं आणि कोपऱ्यावर उभं केलं. भगदाड दिसेनासं झालं. आई खूश झाली. मग ती भिंगरीकडे वळली.

"आणि तू गं, उद्या तोंड उघडायचं नाहीस. मागच्या खेपेला पाहुण्यांना काय सांगितलंस? कप शेजारच्यांचे आहेत म्हणून!"

"पण ते होतेच शेजारच्यांचे."

"तेच म्हणते मी. उद्या एक शब्द नको. शपथ घे."

भिंगरीने शपथ घेतली.

तपासनीस बाई आल्या. खांद्याला पिशवी, कमरेला टॉर्च. आईने चांगली खुर्ची पुढे केली, चांगल्या कपात चहा दिला आणि खिडकीजवळची, नव्या पत्र्याची भिंत दाखवली. "इथला घ्या ना तुकडा. इथे छान आहे."

"मला छान नको हो," बाई हसल्या. "फुटलेलं, तडकलेलं कुठे काही?"

"आमच्याकडे?" आईला ते लागलंच. "आमच्या घरात फुटकं काही ठेवत नाही आम्ही."

"भिंत सगळी एकाच वेळची आहे का?"

"एकसारखी दिसतेय ना?" आई म्हणाली.

"आणि कपाटामागे? जरा सरकवता येईल?"

"छे हो! जागचं हलत नाही ते," बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग तिथे तपासलेलं नाही, असं लिहावं लागेल मला."

"लिहा की! लिहिल्याने काय भिंत पडतेय?" बाबा मजेत म्हणाले.

बाईंनी तोंडाला मास्क लावला, सगळ्यांना मागे सरकवलं, खिडकीजवळच्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारला, नखाएवढा तुकडा काढून पिशवीत बंद केला आणि भोकावर चिकटपट्टी लावली. मग भिंगरीला म्हणाल्या, "पाणी का मारलं, सांगू? धूळ उडू नये म्हणून."

भिंगरीने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"बोलत नाही का ही?"

"शहाणी आहे हो फार," आई कौतुकाने म्हणाली.

"आणि समजा, उडाली थोडी धूळ," बाबांनी घणाकडे बघत विचारलं, "तर काय, खोकला येईल. गुळण्या करू!"

"लगेच खोकलाही येत नाही. तोच तर घोळ आहे. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक दिवस दम लागायला लागतो. मेणबत्ती विझवण्याएवढी फुंकरही मारवत नाही. आणि छातीत बसलेली ती धूळ कुठल्याच औषधाने बाहेर निघत नाही."

"पण आपल्याकडे नाहीच ना ते!" बाबा म्हणाले. "ह्या तुकड्यात काही निघालं नाही, की रविवारी घण मारतो बघा."

बाई पिशवी आवरू लागल्या. आई निरोपाचं हसू हसली. भिंगरीने बाबांकडे बघितलं. बाबांच्या शर्टावर चहाच्या वेळी पडलेला बिस्किटाचा चुरा होता. तो त्यांनी सवयीने, घड्याळातल्या चाकावरची धूळ उडवावी तशी, हलकेच फुंकर मारून उडवला.

मुलांनो, शपथ म्हणजे शपथ. भिंगरीने तोंड अजिबात उघडलं नाही. तिने खिशातून आपला रबरी चेंडू काढला, वाकून कपाटाखाली नीट कोपऱ्यापर्यंत घरंगळत सोडला, आणि मग बाईंच्या कमरेचा टॉर्च दोन्ही हातांनी धरून त्यांना तिकडे ओढत नेलं.