डाळिंबी झगा आणि टोपीची पट्टी

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझी चेन अडकली. कमरेपर्यंत ती नीट वर आली, बरगड्यांपाशी थांबली, आणि मग ओतिलियाने श्वास कितीही आत ओढला तरी हलली नाही. खिडकीखाली मक्याचे दाणे विकणारा ओरडत होता. सहा वाजता चौकात वाद्ये सुरू होणार होती. ओतिलियाने चेन खाली ओढली, मला पलंगावर पसरले आणि माझ्या शेजारी बसून राहिली. त्या दिवशी ती नाचायला गेली नाही.

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. मेक्सिको शहरातला. माझे जुनेपण जरा वेगळे आहे. मी शिवला गेलो तेव्हाच जुना दिसावा असे ठरले होते. ओतिलियाच्या आजीच्या तरुणपणी मुली नाचायला जाताना घालत, अगदी तसा. घट्ट कंबर, गुडघ्याखाली उतरणारा मोठा घेर, चौकोनी गळा, डाव्या कुशीला धातूची चेन. नव्या कापडाला जुन्या काळाचे रूप द्यायचे, हाच आमच्या घराण्याचा धंदा. पुढे मी खरोखरच जुना झालो, तेव्हा मात्र त्याचे कौतुक कुणी केले नाही.

माझ्या मानेमागे एक चिठ्ठी शिवलेली आहे. तिच्यावर 'त्रेस पिन्सास' असे लिहिले आहे. त्या लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'तीन टक्स'. बाजारामागच्या गल्लीत एक शटर, आत दोन मशिने, एक लांब टेबल आणि शिवणारी दोन्या लाला, म्हणजे लालाबाई, एवढाच हा ब्रँड होता. इतर ठिकाणी कमरेला एकेक टक्स घालून काम उरकत. लाला प्रत्येक बाजूला तीन घालत असे, वरून रुंद आणि खाली निमुळते, आणि म्हणून आमची कंबर अंगाला चिकटत नसे, अंगाबरोबर वळत असे. मुंढा, म्हणजे बाहीची काखेतली खाच, ती जरा वर कापायची. हात वर केला तरी झगा वर सरकायचा नाही. नाचणाऱ्या बायकांना याचे मोल कळत होते.

आणखी एक गोष्ट लाला करायची, जी बाहेरून कुणाला दिसत नसे. दोन्ही कुशींच्या शिवणीत ती तीन बोटे कापड आत दुमडून ठेवायची. पुढे कधी उसवून सैल करायची वेळ आली तर असावे म्हणून.

माझे ते कापड राहिले नाही. ते कसे गेले, ते सांगतो.

त्या चौकात जोडी ओळखायची एक रीत आहे. पुरुष लांब कोट, ढगळ विजार आणि पिसाची टोपी घालून येतो. त्याच्या टोपीभोवतीची पट्टी त्याच्या जोडीदारणीच्या झग्यातून कापलेली असावी लागते. नुसता सारखा रंग चालत नाही. कापड त्याच झग्याचे हवे. ज्यांचे तसे नसते त्यांना बाकावर बसलेले म्हातारे 'उधारीची जोडी' म्हणतात, तेही ऐकू जाईल अशा आवाजात.

मी शिवून झाल्यावर ओतिलिया मला घालून बघायला आली तेव्हा नाबोर बरोबर होता. तो मिनीबस चालवायचा. दोघांचे लग्न उतारवयातले, आणि तेही त्या चौकात नाचता नाचता जमलेले.

"पट्टी? कापड कुठाय?" लाला म्हणाली. "ताग्याचा शेवट होता तो. उरलं ते सगळं तुझ्या घेरात गेलं."

"आत आहे ना," ओतिलिया म्हणाली. "कुशीत नुसतं दुमडून ठेवलंय. कुणाला दिसतंय?"

"दिसत नाही म्हणूनच ठेवलंय, बये. आज तुझी कंबर अशी आहे. उद्या?"

"उद्याही अशीच राहील."

"सगळ्या असंच म्हणतात. मग नाताळात मक्याच्या पिठाचे तामाले चापतात आणि फेब्रुवारीत माझ्या दारात उभ्या राहतात. तेव्हा मी काय माझी कातडी जोडू?"

नाबोर आरशात टोपी तिरकी करून बघत होता. तो म्हणाला, "कापा हो, दोन्या लाला. राणीसाहेबांची कंबर वाढू नये म्हणून त्यांच्या वाटचं मी खाईन."

"तुझं पोट बघता ते काम तू आधीच सुरू केलेलं दिसतंय."

तिघेही हसले. लालाने कात्री घेतली. माझ्या दोन्ही कुशींतून तिने कापड काढले, शिवणीला धागा धरेल इतकेच ठेवले, आणि त्या तुकड्यांची पट्टी जोडून नाबोरच्या टोपीला बसवली. तेव्हा आमचा दोघांचा रंग एकच होता, पिकलेल्या डाळिंबाचा.

त्यानंतरची वर्षे चांगली गेली. शनिवारी दुपारी ओतिलिया मला इस्त्री करायची, ओला रुमाल मध्ये घालून, कारण माझे कापड थेट तव्याला चमकते. चौकात जुन्या चालीचा दान्सोन सुरू झाला की जोड्या उभ्या राहत. या नाचात मध्येच सगळे थांबतात, बायका पंख्याने वारा घेतात, पुरुष रुमालाने मान पुसतात, आणि मग ठरलेल्या सुरावर पुन्हा पाय उचलतात. त्या थांब्यात माझा घेर हलायचा बंद होई आणि लोकांना मी नीट दिसे.

नाच नसताना बायका बाकावर बसून कपड्यांवर बोलत. ओतिलियाची मैत्रीण केता, बाजारात चीज विकणारी, हिला कुठल्याच ब्रँडने सुख दिले नव्हते.

"हा बघ मिस ग्लोरियाचा," ती म्हणायची. "पाठीला इलास्टिक. बसतो छान. पण गिरकी घेतली की मी आधी पोचते आणि झगा मागून येतो."

"माप मोठं घेतलंस तू."

"मापावर 'मध्यम' लिहिलंय! या मध्यमात मी मावते, माझी सासू मावते, वर तिची तक्रारही मावते."

"मग सरहद्दीपलीकडून मागवलेला कुठाय? निळा?"

"त्याची कंबर माझ्या ढुंगणावर येते. तिकडच्या बायका काय जिराफाच्या पोटी जन्मतात?" मग माझ्याकडे हात करून ती म्हणायची, "तुझा बघ. शिवलेला वाटतच नाही. अंगावर ओतलाय."

हे ऐकून ओतिलिया पंखा हलवत राहायची. घरी गेल्यावर मला हँगरवर लावताना ती माझी कंबर हाताने सारखी करायची, आणि टोपी माझ्या शेजारच्या खिळ्याला असायची.

मग 'त्रेस पिन्सास' हे नाव विकले गेले. लालाच्या भाच्याने ते एका कारखान्याला दिले. मोठ्या दुकानात माझ्यासारखे झगे येऊ लागले. तीच चिठ्ठी, तोच चौकोनी गळा. केताने हौसेने एक घेतला आणि बाकावर बसून उलटा केला.

"अगं, हे टक्स खोटे आहेत," ती म्हणाली. "वरून नुसती शिलाई मारलीय. आत काहीच दुमडलेलं नाही. आणि कुशीत बघ, दोऱ्याशिवाय काही नाही."

लालाने नवे शिवणे बंद केले. फक्त दुरुस्त्या घेऊ लागली. तिची नजरही अधू होत चालली होती.

गेल्या फेब्रुवारीत नाबोर गेला. शेवटच्या थांब्यावर प्रवासी उतरले, त्याने हँडब्रेक ओढला आणि तो सीटवरच राहिला. त्याला तपकिरी सुटात पुरले. टोपी मागे ठेवली, कारण तीही तिथली रीत आहे. माणूस गेल्यावर नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. त्याच्या पुढच्या शनिवारी चौकात त्याच्या नावाने एक दान्सोन वाजवतात. बाकी कोणी उठत नाही. त्याची बाई जोडीचा झगा घालून, टोपी हातावर घेऊन एकटीच तो नाचते. हे पहिल्याच वर्षी करायचे असते. राहिले तर राहिले.

त्या मधल्या महिन्यांत मी कपाटात होतो, डांबराच्या गोळ्यांत. टोपी ओतिलियाने खिडकीपाशी लावली, पलंगावरून दिसावी म्हणून. तिथे सकाळभर ऊन येते.

ओतिलियाची तब्येत याच काळात बिघडली. काय झाले होते ते मला नीट माहीत नाही. गोळ्यांच्या डब्या वाढल्या, आणि तिच्या अंगात पाणी साठू लागले. पाय सुजले, मग पोट. ती खात तर आधीपेक्षा कमी होती. त्या शनिवारी माझी चेन अडकली ती अशी. नाबोरच्या शनिवारला तेव्हा एक आठवडा उरला होता.

दुसऱ्या दिवशी केता आली. तिने मला पलंगावर पाहिले आणि सगळे ओळखले.

"काळी पट्टी घाल कुशीला. हात खाली ठेवलास तर दिसणार नाही."

"टोपी हातावर धरायची असते, केता. हात वरच असतो."

"मग पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस," ओतिलिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. केताने विषय तिथेच सोडला.

सोमवारी ओतिलिया मला पिशवीत घालून लालाकडे घेऊन गेली. लालाने मला टेबलावर उलटा केला आणि बोटांनी कुशी चाचपल्या. एकदा चाचपल्या, परत चाचपल्या.

"इथलं कापड कुठं गेलं?"

"तुम्हीच कापलं, दोन्या लाला. नाबोरच्या टोपीला."

"टोपी आहे?" लालाने विचारले.

"आहे."

"मग आण. दुसरं कापड मी याला लावणार नाही."

मंगळवारी टोपी आली. लालाने टाके उसवायचे हत्यार पुढे केले, पण ओतिलियाने ते स्वतःच्या हातात घेतले. नाबोरच्या टोपीचे टाके तिने एकेक करून सोडवले. पट्टी निघाली तेव्हा टोपीवर तिच्या जागी एक गडद कडे राहिले, बाकी सगळी टोपी उन्हाने पिवळी पडलेली.

मी पट्टी पाहिली, मित्रांनो. आम्ही एकाच ताग्यातले. पण मी अंधारात राहिलो होतो आणि ती उन्हात. तिचा रंग विटेसारखा झाला होता. आतली बाजू उलटून लावता आली असती, तर तिथे नाबोरच्या केसांच्या तेलाचे आणि घामाचे डाग मुरलेले.

लालाने पट्टी डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली, मग दाराच्या उजेडात नेली.

"मला रंग आता कळत नाहीत," ती म्हणाली. "तूच सांग. जुळतो का?"

ओतिलियाने माझ्याकडे पाहिले आणि पट्टीकडे पाहिले.

"जुळतो," ती म्हणाली.

"डाळिंबीच आहे ना?"

"डाळिंबीच आहे. शिवा."

लालाने माझ्या दोन्ही कुशी उसवल्या. बुधवारी उजवी बाजू झाली. बोटांच्या अंदाजाने केलेले काम, पण टाके सरळ होते. अर्धी पट्टी तिथे बसली. विटकरी रंगाची एक रेघ काखेपासून कमरेखालपर्यंत गेली आणि ती लपणारी नव्हती. डाव्या बाजूला चेनमुळे जास्त काम होते. तिथे लालाने उरलेली पट्टी टाचण्यांनी लावून ठेवली.

गुरुवारी दुपारी उजेडासाठी खुर्ची दाराकडे ओढायला ती उठली आणि पडली. मशीनच्या पायाला तिचे डोके लागले. शेजारचा किल्लीवाला धावत आला, मग आणखी माणसे आली, आणि तिला उचलून नेले. संध्याकाळी भाचा आला. त्याने दिवा बंद केला आणि शटर ओढले. मी भिंतीच्या खिळ्याला टांगलेला होतो. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

शनिवारी दुपारी शटरबाहेर दोन आवाज आले.

"भाच्याला लाव ना फोन," केता म्हणत होती.

"लावला. तो केरेतारोला परत गेलाय. म्हणतो, सोमवारी बघू."

"सोमवारी काय बघतोय डोंबल! फोडू का मी कुलूप? किल्लीवाला ओळखीचा आहे."

"त्याला विचारलं. तो म्हणतो, मालकाशिवाय हात लावणार नाही. लाला दवाखान्यात आहे, उद्या काही गेलं तर त्याच्यावर येईल. बरोबर आहे त्याचं."

कोणीतरी कुलूप हलवून पाहिले.

"मग माझा मिस ग्लोरिया घाल," केता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "इलास्टिक आहे. तुला बसेल. मी घेऊन येते, दहा मिनिटांत."

"त्याच्यात नाबोर मला ओळखायचा नाही."

"ओतिलिया..."

"आणि घरी टोपी आहे ती उघडी, केता. पट्टी पण आतच आहे. मी हातावर काय धरू?"

शटरला कोणीतरी हात टेकवला. पत्र्याचा तेवढा आवाज आला. मग दोघींची पावले गेली, एकीची सावकाश.

त्या संध्याकाळी चौकात काय झाले ते मला माहीत नाही. वाद्यांचा आवाज या गल्लीपर्यंत पोचत नाही. ओतिलिया गेली का, गेली असेल तर उठली का की बाकावर बसून राहिली, हे सांगायला कोणी आले नाही.

मित्रांनो, तुमच्याही अंगावर कपडे आहेत. एखादा उलटा करून बघा. कुशीच्या शिवणीत थोडे कापड दुमडलेले सापडले, तर ते ज्याने ठेवले त्याला तुमची आजची मापे माहीत होती आणि उद्याची माहीत नव्हती, एवढे समजा. ते कापड वाया गेलेले नाही. ते कापू नका. कोणी कितीही लाडाने मागितले तरी कापू नका. माझ्या बाबतीत ही गोष्ट आता उपयोगाची नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.

सोमवारी भाचा आला नाही. त्यानंतरही आलेला नाही. लाला दवाखान्यातच आहे, असे किल्लीवाला परवा कुणाला तरी सांगत होता. माझी उजवी कुशी शिवलेली आहे आणि डावी टाचण्यांवर आहे. गल्लीतली ओल आत येते, त्यामुळे टाचण्या गंजू लागल्या आहेत. काल सकाळी शटरवर कोणीतरी खळ लावून एक कागद चिकटवला. त्यावर काय लिहिले आहे, ते आतून वाचता येत नाही.