आत किती, बाहेर किती

प्लंबरने मोजायचं भांडं हातात घेतलं आणि तो जागीच थबकला. भांडं गार होतं. अंगातून आत्ता निघालेलं पाणी असं गार नसतं, एवढं कळायला काही डॉक्टरकी शिकावी लागत नाही.

“आई, हे आत्ताचंच ना?”

“मग काय कालचं?” सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “दोनशे भरलंय. लिहा की तक्त्यावर.”

खाटेवर त्याची बायको डोळे मिटून पडली होती. काल डेंग्यूचा ताप उतरला तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं होतं. कुठलं काय! ताप गेला आणि चेहरा सुजला, पोट फुगलं, लघवी मात्र थेंब थेंब. बाटल्यांवर बाटल्या चढतायत, मग पाणी जातंय कुठं, असं त्याने सकाळी डॉक्टर मॅडमना विचारलं होतं.

मॅडमनी नीट सांगितलं होतं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून थोडं पाणी नेहमीच बाहेर झिरपतं आणि फिरून रक्तात येतं. त्यानेच आतलं-बाहेरचं जमून राहतं. या आजारात भिंत सैल पडते. पाणी पोटात, छातीत उतरतं आणि आत उरलेलं रक्त दाट होतं.

“मग गळती बंद कशी करायची?” त्याच्या तोंडून धंद्याचाच प्रश्न निघाला.

“ती आपली आपण थांबते, एक-दोन दिवसांत. तोवर सलाईन मोजूनमापून द्यायचं. कमी पडलं तर रक्तदाब कोसळेल, जास्त झालं तर छातीत भरेल. लघवी किती होते त्यावर मी ते कमी-जास्त करते. तो आकडा मला खरा हवा.”

हे बोलणं झालं तेव्हा सासूबाई चहा प्यायला गेल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की लघवी सुटली म्हणजे पोरगी वाचली.

तेवढ्यात मॅडम आल्याच. त्यांनी भांड्याकडे पाहिलं.

“दोनशे? छान. सिस्टर, सलाईन निम्म्यावर आणा.”

सासूबाईंचा चेहरा खुलला. या बाईने उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. सिस्टरचा हात नळीकडे गेला.

“थांबा,” तो म्हणाला. “त्यात पाणी घातलंय. मी घातलं.”

“तुम्ही? सकाळी एवढं समजावूनसुद्धा?”

“आकडा बरा दिसावा म्हणून. चुकलं माझं.”

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, रक्त तपासायला पाठवलं आणि सलाईन कमी करायचं सोडून वाढवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या,

“खाटेपाशी एकच माणूस थांबेल. तुम्ही बाहेर बसा.”

तो बाहेरच्या बाकावर बसला. दोनदा उठून दारापर्यंत गेला, दोनदा पहारेकऱ्याने परत पाठवलं. आतलं काहीच कळत नव्हतं आणि त्याला भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी.

तासाभराने सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. तो ताडकन उठला.

“बरी आहे. रक्तदाब धरून आहे,” त्या म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या. “मी सांगितलं मॅडमना. सगळं.”

“कशाला, आई?”

“कशाला म्हणजे? माझं पाप तुमच्या माथी कशाला? आणि तुमच्याशिवाय करमतंय का तिला.” त्यांनी नाक पुसलं. “तुम्हाला सोडतायत आत. जा. फक्त तिला सांगू नका, कुणी घातलं ते.”

तो आत गेला. सिस्टरने भांडं त्याच्या हातात दिलं. पस्तीस भरलं, त्याने पस्तीस लिहिलं.

“आई बाहेर एकटीच बसलीय?” बायकोने डोळे न उघडताच विचारलं.

“हो.”

“तिला सांगा, मी रागावले नाहीये.”