बुक्क्याच्या डबीतला दिवा

या, असे जवळ सरका. मागच्या बायाही पुढे या, तिथं नीट ऐकू येणार नाही. कीर्तनाला बसता तसेच मांडी घालून बसा, कारण सांगणारा माणूस जन्मभर कीर्तनात टाळ वाजवत आलेला आहे आणि त्याला दुसऱ्या रीतीनं सांगताच येत नाही. पण आज अभंग नाही. आज एका दिव्याची गोष्ट सांगतो. पणतीएवढाही नव्हता तो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता.

साल अठ्ठावन्न. भिलाईत तेव्हा कारखाना कमी आणि खड्डे जास्त होते. आम्ही भंडाऱ्याकडची धानकरी माणसं, कुदळ-फावड्याच्या कामाला आलो आणि बघता बघता डंपर चालवायला शिकलो. डंपर रशियाहून आलेले. चाक माझ्या छातीपर्यंत यायचं. कुरुद गावाच्या बाजूला आमच्या झोपड्या होत्या आणि झोपड्यांपुढच्या मैदानात सकाळी डंपरांची रांग लागायची.

त्या रांगेपुढं काय गर्दी असायची म्हणता! पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारातून माणसं यायची, दुर्गहून बैलगाड्या जोडून यायची. नारळांचा ढीग, उदबत्त्यांचा धूर. आणि मधोमध चौदा नंबरच्या डंपरच्या पायरीवर उभे आमचे चंपतबुवा, हातात चिपळ्या, गळ्यात उपरणं.

गाडी सुरू केली की स्टिअरिंगच्या मागच्या पत्र्यावर एक लाल दिवा लागायचा. बुवा म्हणायचे, "पाहा! आईनं डोळा उघडला! रात्रभर उपाशी आहे माय माझी, रागानं लाल झाली!" मग आरती सुरू व्हायची. पाच कडवी, कधी सहा. आणि शेवटच्या कडव्याला, माझ्या टाळाच्या शेवटच्या ठोक्याला, दिवा फट्‌कन विझायचा. माणसं जमिनीवर लोळायची. बाया रडायच्या. मीही रडायचो, खोटं कशाला सांगू?

त्या पत्र्यावर आणखी दोन दिवे होते. वळायच्या वेळी हिरवा लागायचा, ती बुवांच्या मते लक्ष्मी. मोठी बत्ती पेटवली की निळा लागायचा, तो श्रीकृष्ण. दिव्यांखाली रशियन अक्षरं कोरलेली होती. बुवा त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे साधं लेखन नोहे! ही बीजाक्षरं आहेत. उच्चारली तर जीभ जळते." म्हणून ते उच्चारत नसत. आम्हाला त्यातही त्यांचं मोठेपण दिसायचं.

बुवांना भिलाईला मीच आणलं होतं. आमच्या गावचेच ते. लहानपणी त्यांच्या कीर्तनात मी पहिल्यांदा टाळ धरला. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या पोटातला खडा विरघळावा. परमुलखात आलो, कानाला गोड काही नाही, दिवसभर नुसता यंत्रांचा खडखडाट. म्हणून मी पत्र घातलं आणि स्टेशनवर जाऊन त्यांची वळकटी डोक्यावर घेतली.

चौदा नंबर चालवायचा तेजराम. माझ्या शेजारच्याच झोपडीतला. हसरा, जरा तोतरा, गाडीला बायकोपेक्षा जास्त पुसायचा म्हणून गयाबाई त्याला टोमणे मारायची. "मले बी एकदा फडका मारून देजा," ती म्हणायची, "मी बी धुळीतच उभी असते." तिला तेव्हा सातवा महिना होता.

आणि एक देवाजी होता. गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. नागपूरला दीक्षा घेऊन आलेला, घरात बुद्धाची तसबीर. आमच्या आरतीला येत नसे. मी त्याला म्हणायचो, "देवाजी, तू तं देव सोडला, तुले काय कळते यातलं?"

तो हसायचा. "शालिकभाऊ, मी देव सोडला, डोळे नाही सोडले ना! थो दिवा हवेचा हाये. डंपरचा ब्रेक हवेवर चालते. टाकीत हवा कमी असली का दिवा लागते. इंजिन चाललं, हवा भरली, का विझते. आरती म्हणा नाही तं शिव्या द्या, थो त्याच्या टायमानं विझंन."

रशियन मिस्त्र्यानं त्याला हे भाषेशिवाय शिकवलं होतं. दिव्याकडं बोट दाखवलं, पायानं हवेत ब्रेक दाबला, तोंडानं 'फुस्स' केलं आणि मग आपल्याच गळ्यावरून हात फिरवला. देवाजी ते तसंच्या तसं करून दाखवायचा. आम्ही पोट धरून हसायचो. तेजराम मात्र हसत नसे. त्यानं लक्षात ठेवलं होतं, लाल दिसला की थांबायचं.

दसऱ्यानंतरचा शुक्रवार. दोन दिवसांपासून चौदा नंबरचा दिवा चालता चालताच लागत होता. तेजराम गाडी उभी करायचा, दिवा विझला की पुढं जायचा. त्या सकाळी तो देवाजीकडं गाडी नेणार होता. पण बुवांचा निरोप आला, आज मोठा सोहळा आहे, दुर्गहून वकील-सावकार मंडळी येणार, आईच्या मंदिराची जागा आज ठरणार, चौदा नंबर हलवू नको.

"बुवा, दिवा घडीघडी लागून राहिला," तेजराम म्हणाला. "देवाजीले दाखवतो एकडाव. नळी फुटली असंन."

"अरे वेड्या, मायचा राग मिस्त्र्याच्या पान्यानं जाते का? आधी आरतीले उभी कर, मंग कुठं न्यायची तिथं ने."

तेजरामनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बुवा म्हणते तं थांब ना गा जरासा."

हे मी म्हणालो. हे विसरू नका.

सोहळा सुरू झाला. पाच कडवी झाली, दिवा तसाच. सहावं झालं, सातवं झालं. मी टाळकरी, माझी नजर सदा बुवांच्या डोळ्यांवर. तेव्हा मला प्रथमच दिसलं की बुवा आरती म्हणताना डोळे मिटत नाहीत, तिरप्या नजरेनं त्या दिव्याकडं बघतात आणि त्यावरून लय आवरतात किंवा ताणतात. आवाज फाटत चालला होता. पुढच्या रांगेत एक वकील हातातल्या घड्याळाकडं बघून हसला.

बुवांनी आरती तोडली. माझ्या हातातली बुक्क्याची डबी घेतली. "आईच्या कपाळी बुक्का राहिला!" असं ओरडून केबिनमध्ये शिरले, उपरणं पसरून पत्रा झाकला, आत काहीतरी पुटपुटत राहिले. उपरणं काढलं तेव्हा दिवा विझलेला होता.

काय जयजयकार झाला! बुवा घामानं भिजले होते. डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, "शालिक, तेजरामले बुक्का लाव, जाऊ दे कामावर."

मी डबीत बोट घातलं. काहीतरी कडक लागलं. वाटलं, कापराची वडी असेल. तेजरामच्या कपाळाला मी माझ्या हातानं बुक्का लावला. त्यानं वाकून दिव्याकडं पाहिलं. दिवा काळा होता. "विझला बा," तो म्हणाला. "आता देवाजीकडं उद्या जाईन. खेप बाकी हाये." हवेचा काटा त्या गाडीत केव्हाचाच अडकून बसला होता, बघायला दिवाच तेवढा होता.

अर्ध्या तासात भट्टीच्या पायाच्या खड्ड्यात डंपर उतरताना ब्रेक लागला नाही. दगडानं भरलेली गाडी उताराला. खाली टोपल्या घेतलेल्या वीस-पंचवीस बाया. तेजराम हॉर्न दाबत आला आणि बायांच्या अलीकडं गाडी खड्ड्याच्या भिंतीत घातली. एकाही बाईला खरचटलं नाही. केबिन मात्र उरली नाही.

आता पुढचं ऐका. रडायचं असेल तर नंतर रडा, कारण खरी चीड यायची ती पुढंच आहे.

तिसऱ्या दिवशी बुवांनी सांगितलं, "माय कोपली. याच्या घरात अष्टमीचा उपास मोडला." गयाबाईनं अष्टमीला भाकर खाल्ली होती, पोटुशी बाई, चक्कर आली म्हणून. नळावर बाया तिच्यापासून घागरी दूर ठेवू लागल्या. तेरवी झाली की तिला गावी पाठवायचं, असं झोपड्यांतल्या जाणत्यांनी ठरवलं. गावी तिचं कोण होतं? कोणी नाही. ती भांडली नाही. मला एवढंच म्हणाली, "शालिकभाऊजी, मी भाकर खाल्ली म्हणून ब्रेक नाही लागला का?"



तेरवीच्या दिवशी सगळे मैदानात जमलेले. बुवा कीर्तनाला उभे राहणार, तेवढ्यात घरघर करत एक डंपर आला आणि मांडवाशेजारी थांबला. देवाजी खाली उतरला. आधी गयाबाईपुढं हात जोडले, मग लोकांकडं वळला.

"आरती नाही, नारळ नाही," तो म्हणाला. "येऊन पाहा फक्त. इंजिन चालू हाये, दिवा विझला हाये. आता मी फक्त पाय दाबतो."

तो पुन्हा वर चढून बसला आणि ब्रेक दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. फुस्स. सात-आठ वेळा. आणि दिवा लाल झाला.

"आता सांगा! कोणाचा उपास मोडला? कोणी भाकर खाल्ली? मी पाय दाबला, हवा गेली, दिवा लागला. थांबा आता चूप."

माणसं पायरीजवळ सरकली. इंजिन चालत होतं. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझला. एका म्हातारीनं सवयीनं हात जोडले आणि लाजून खाली घेतले.

बुवा कडाडले, "नास्तिका! मंग त्या दिवशी माह्या हातानं कसा विझला?"

"थेच तं मी तेरा दिवस शोधून राहिलो," देवाजी म्हणाला. "मोडलेल्या गाडीचा तो पत्रा मी काढून आणला. लाल काच शाबूत हाये. मांगची बल्बची गोटी नाही. फुटली असती तं काचा राहिल्या असत्या. कोणीतरी फिरवून काढली. आणि बुवा, दिवा कायचा हाये थे तुमाले मालूम होतं. तुमी आले त्याच हप्त्यात माह्या घरी चहा प्याले, मीच तुमाले समजावून सांगितलं. किती वेळात विझते थे बी तुमीच इचारलं होतं."

 म्हणजे बुवांना माहीत होतं. आधीपासून. आरतीची कडवी देवाजीच्या उत्तरावर मापून घेतलेली होती, आणि त्यांवर मी टाळ वाजवत होतो.

त्या दिवशी बोटाला लागलेलं ते कडक काही मला आठवलं. बुक्क्याची डबी माझ्याच कमरेला होती. टाळकऱ्याकडंच असते ती. तेरा दिवस मी तिच्यातला बुक्का लोकांना लावत होतो. मी झाकण काढलं आणि डबी मांडवात उपडी केली. काळी भुकटी पडली, आणि तिच्यात टप्‌कन एक बारकी गोटी.

देवाजीनं ती उचलली, धोतरानं पुसली. आपल्या डंपरची गोटी काढून ती तिथं फिरवली. मग ब्रेक दाबला. फुस्स, फुस्स, फुस्स. तेजरामच्या गाडीचा दिवा सगळ्यांसमोर लाल पेटला.

तेरा दिवस उशिरा.

बुवा खाली बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "शालिक, इतके लोक होते रे... दिवा विझेचना. संध्याकाळी गाडी परत आली का लावून टाकणार होतो. म्हणून तं डबीत ठेवली. मंग तुह्याकडून मागायची हिंमत नाही झाली." तोच आवाज, तितकाच गोड. जन्मात पहिल्यांदा तो ऐकून मला शिसारी आली.

माणसं उठून त्यांच्या अंगावर धावली. मध्ये उभा राहिला तो देवाजी. "हात नका लावू. पोलिसाले बोलवा, आणि काय झालं थे जसंच्या तसं सांगा." तसंच केलं. जबानी मी दिली, 'थांब ना गा' या माझ्या वाक्यासकट.

गयाबाई गावी गेली नाही. नळावरच्या बायांनी तिची घागर आधी भरून दिली. माफी मात्र कोणाच्या तोंडून नीट निघाली नाही, माझ्याही नाही.

तुम्ही विचाराल, शालिकराम, तुझा देवावरचा विश्वास उडाला का? नाही उडाला. मी आजही टाळ धरतो, आजही कीर्तनात डोळे भरतात. पण देवाच्या नावानं कोणी यंत्राची खूण झाकू लागला तर मी आधी त्याचं उपरणं उचलून बघतो. लाल दिवा हा राग नाही, शाप नाही. कुठंतरी दूर बसलेल्या, तुमची भाषा न कळणाऱ्या एका मिस्त्र्यानं तुमच्या जिवासाठी ठेवलेला तो निरोप आहे. तो वाचायला शिका. नाही समजला तर ज्याला समजतो त्याला विचारा. तो आपल्या देवाचा आहे की नाही हे विचारत बसू नका. मी तेच करत बसलो होतो.

डंपर चालवणाऱ्या पोरांनो, उद्या सकाळी गाडी सुरू कराल, दिवा लागेल. विझेपर्यंत गिअरला हात लावू नका. पाच कडव्यांएवढाच वेळ लागतो. त्या वेळात वाटलं तर गा, वाटलं तर गप्प बसा. पण तेवढ्या वेळात एकदा तेजरामची आठवण करा. त्यानं जाताना दिव्याकडं वाकून पाहिलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं.