चाळणीने धरलेला डूख

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे, हिऱ्यांची. चाळणीत काही टिकत नाही म्हणतात. माझ्यात मात्र एक डूख शंभर वर्षं टिकला.

नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटात, उत्तरेकडून खाणीत आलेल्या शिवूतेने लाकडाचं कडं वळवून मला तारेची जाळी ठोकली. पाण्यात तो मला असे हिसके देई, की जड खडे तळाशी मधोमध गोळा होत. मग एका झटक्यात मला टेबलावर पालथी घाली आणि हिरे वर येत. मधल्या त्या ढिगाला मजूर डोळा म्हणत. 'डोळा उघडला!' ते ओरडत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

एकदा पाण्यातच मुकादम क्राबेला माझ्यात एक टपोरा हिरा दिसला. पालथी घातली, तर डोळ्यात तो नव्हता.

"गिळलास ना, चोरा?"

"नाही साहेब. कडं ठोकून बघा. फटीत अडकतो कधीकधी."

"मला शिकवतोस?"

शिवूतेला कोंडलं, एरंडेल पाजलं. काहीच निघालं नाही, तरी कागदावर 'चोर' लिहून त्याला गावी हाकललं. हिरा माझ्याच कड्याच्या आणि जाळीच्या मधल्या फटीत होता आणि मला तोंड नव्हतं. मग मी ठरवलं, क्राबेच्या हाती हा लागू द्यायचा नाही. त्याने मला पुढे वर्षानुवर्षं हलवलं. मी दातखीळ बसल्यासारखी गप्प. खाण बंद पडली, तो मला घरातच टाकून निघून गेला, वाळू त्याच्या घरात खिडकीपर्यंत चढली, त्याच्या निजायच्या खोलीत तरशीण व्याली. मी मनसोक्त हसले. पण उट्टं निघालं नव्हतं.

आता ते घर बघायला पाहुणे येतात आणि मी तिथल्या भिंतीवर टांगलेली. माझ्यावर पाटी होती, 'क्राबेसाहेबांची चाळणी. हात लावू नये.' परवा क्राबेचा म्हातारा नातू आला.

"आजोबांचा सगळ्यात मोठा हिरा एका मजुराने गिळला बरं का!" तो सगळ्यांना सांगू लागला.

माहिती सांगणारी नदापेवा शिवूतेची पणती. तिने मला खाली काढलं.

"ताते क्राबे," ती वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी गोड आवाजात म्हणाली, "पणजोबांचं एकच वाक्य आमच्या घरात राहिलंय. कडं ठोकून बघा. घ्या, तुम्हीच ठोका."

त्याने हसत हसत ठोकलं. मीठ पडलं, वाळू पडली आणि मग मी हिरा सोडला. नदापेवाने तो म्हाताऱ्यापुढे धरला.

"आता म्हणा ना चोर! कुणाला म्हणताय?"

 नवी पाटी तिने त्याच्याकडूनच लिहून घेतली, 'शिवूतेची चाळणी'.

मित्रांनो, काम झालं की चाळणी नीट झटकत जा. कुणाला चोर म्हणण्याआधी तर नक्कीच झटका. पाटी बदलली, पण शिवूते चोर म्हणूनच मेला. म्हणून माझा डूख अजून उतरलेला नाही.